काळोखाला स्वर देणारें संगीत

चित्रपटगृहांतील दिवे एकामागून एक मालवतात. पडद्यावर अद्याप चित्र उमटलेलें नसतें. पात्र नाहीं, शब्द नाहीं, प्रसंग नाहीं. इतक्यांत कोठून तरी एक खोल स्वर निघतो. तो कानांनीं ऐकला कीं पायांखालच्या फरशींतून अंगांत शिरला, हें सांगणें कठीण. खुर्चीचा हात किंचित् थरथरतो, शेजारचें मूल आईचा पदर घट्ट धरतें, आणि आतांपर्यंत शेंगा सोलीत बसलेला माणूस हात आवरून धरतो. भ्यावें असें कांहीं अजून घडलेलेंच नाहीं. मग ही भीति आली कोठून?

ती पार्श्वसंगीतानें आणली, हें या प्रश्नाचें उत्तर. चित्रपटांतील गीत सर्वांच्या ओळखीचें असतें. तें लोक गुणगुणतात, लग्नाच्या वरातींत वाजवितात. पार्श्वसंगीताच्या वांट्याला असें भाग्य येत नाहीं. तें पडद्यामागें उभें राहून प्रेक्षकाच्या मनाला हातानें धरून नेतें, आणि काम झाल्यावर नांव न सांगतां निघून जातें. त्यांतहि एक प्रकार अलीकडे विशेष बोकाळला आहे. त्याचें रूप भव्य, गति संथ आणि रंग काळा. वाद्यवृंदांतील व्हायोलिन, चेलो, तुतारीच्या जातीचीं पितळी वाद्यें आणि विजेच्या यंत्रांतून निर्माण केलेला ध्वनि यांची त्यांत अशी सरमिसळ केलेली असते कीं, कोणता आवाज लांकडातारेचा आणि कोणता यंत्राचा, हें चांगल्या जाणकारालाहि पटकन् सांगवत नाहीं. वडीलधारी मंडळी त्याला गोंगाट म्हणतात; तरुण मंडळी त्याच्यावर लुब्ध होतात. दोन्ही पक्षांनीं निकाल देण्यापूर्वीं हें संगीत बनतें कसें आणि काम करतें कसें, हें समजून घेणें न्यायाचें होईल.

या विषयाचा विचार कोल्हापुरानें करावा, हें सर्वथा उचित आहे. मराठी चित्रपटाचा पाळणा याच गांवीं हलला. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 1918 च्या सुमारास येथें उभी राहिली, आणि तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 सालीं पडद्यावर आला. मूकपट हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. चित्र मुकें असलें, तरी चित्रपटगृह मुकें नसे. पडद्यापाशीं पेटी आणि तबला घेऊन वादक बसत; युद्ध आलें कीं लय वाढवीत, शोक आला कीं स्वर लांबवीत. पार्श्वसंगीताचा जन्म असा बोलपटाच्या आधींच झालेला आहे. पुढें पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 1 जून 1929 रोजीं प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरांतच स्थापन केली. तुतारी फुंकणारी स्त्री हें तिचें बोधचिन्ह. त्या कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ 6 फेब्रुवारी 1932 रोजीं मुंबईंत प्रदर्शित झाला. त्याचें संगीत गोविंदराव टेंबे यांचें. हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच.

त्या बोलपटांच्या काळांत संगीतकारापुढें अडचणी किती होत्या, हें आजच्या श्रोत्याला कळणें कठीण. गाणें आधीं मुद्रित करून मागाहून त्यावर ओठ हालविण्याची सोय हिंदुस्थानांत 1935 नंतर रूढ झाली. तत्पूर्वीं नटानें प्रत्यक्ष छायाचित्रणाच्या वेळींच गावयाचें, आणि साथीदारांनीं कॅमेऱ्याच्या दृष्टीआड, झाडामागें वा पडद्याआड लपून साथ करावयाची. आवाज फितीच्या कडेवर प्रकाशाच्या रेघांच्या रूपानें उमटवला जाई. मधल्या पट्टींतील माणसाचें बोलणें व गाणें त्यांत बरें उतरे. परंतु अतितीव्र स्वर गळत, आणि खरा खोल खर्ज तर चित्रपटगृहांतील कर्ण्यांतून बाहेर पडेपर्यंत पार दुबळा होई. म्हणजे भीतीचा जो मुख्य स्वर, तोच त्या यंत्राला पेलत नव्हता.

अशा वेळीं कलावंतांनीं काळोख प्रकाशानें रंगविला. प्रभात कंपनी 1933 सालीं पुण्यास गेली, आणि तेथला तिचा पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ 1934 सालीं आला. त्यांतील नरबलीचा आग्रह धरणारा राजगुरु प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिला तो मुख्यतः त्याच्या डोळ्यांमुळें आणि भोंवतालच्या दाट सावल्यांमुळें. केशवराव भोळे यांचें संगीत तेथें होतें, पण प्रेक्षकाच्या छातींत धडकी भरविण्याचें ओझें त्यावर टाकण्याजोगीं साधनेंच त्या काळीं नव्हतीं. आज तें सारें ओझें ध्वनीनें उचललें आहे. मधल्या काळांत काय बदललें, हें पाहण्यासाठीं थोडें ध्वनिशास्त्रांत शिरावें लागेल.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. माणसाचा कान सेकंदाला सुमारें 20 कंपनांपासून 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं शकतो. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं उतरते. वाद्यवृंदांतील डबल बास या प्रचंड वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें 41 कंपनें करते. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें 340 मीटर जातो. तेव्हां सेकंदाला 40 कंपनें असलेल्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ 28 फूट लांब होते; एखाद्या मोठ्या सोप्याच्या लांबीएवढी. उलट, सेकंदाला 2,000 कंपनांच्या बारीक स्वराची लाट वीतभरहि भरत नाहीं. बारीक स्वर कोठून आला, हें दोन कानांत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून मेंदूला तत्काळ कळतें. परंतु 28 फुटांची लाट माणसाच्या डोक्याला सहज वळसा घालून जाते. दोन्ही कानांना ती जवळजवळ सारखीच पोंचते. त्यामुळें खर्जाचा उगम कोठें आहे, हें उमगत नाहीं. तो सगळीकडून आल्यासारखा भासतो.

भीतीचें पहिलें बीज येथें आहे. सृष्टींत असा आवाज कोण करतें? डोंगरापलीकडचा मेघ, कोसळणारी दरड, महापुराचें पाणी, अंगानें प्रचंड असलेलें जनावर. चिमणी खर्जांत ओरडूं शकत नाहीं. तिचें शरीरच तेवढें नाहीं. म्हणून खोल स्वर कानीं पडतांच मन हिशेब करतें कीं, जवळपास कांहीं तरी फार मोठें आहे आणि तें कोठें आहे हें दिसत नाहीं. शब्दांत न मांडलेली ही सूचनाच प्रेक्षकाला खुर्चींत आवळून धरते. यांत आवाज मोठा असण्याची अट नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दूरचा गडगडाट जवळच्या फटाक्याहून हलका असतो. तरी गुरें गडगडाटानेंच गोठ्याकडे वळतात.

दुसरें बीज बेसूरपणांत आहे, आणि त्याचा प्रयोग ज्याच्या घरीं तंबोरा आहे त्यानें अवश्य करून पाहावा. जोडाच्या दोन तारा एका सुरांत मिळविल्या कीं नाद स्थिर होतो, मन निवतें. आतां त्यांतील एक तार केसभर उतरवावी. लगेच आवाजाला हेलकावे येऊं लागतात. एका तारेचीं सेकंदाला 130 कंपनें आणि दुसरीचीं 128 असलीं, तर सेकंदाला दोन हेलकावे, असा त्याचा साधा हिशेब आहे. गवय्याला हें असह्य होतें व तो खुंटी पिळतो. काळोखाचें संगीत रचणारा मात्र खुंटी पिळीत नाहीं. तो तें हेलकावे मुद्दाम राखतो. दोन खोल स्वर एकमेकांच्या अगदीं जवळ, पण एक न होतां तो चालूं ठेवतो. श्रोत्याचें मन तारा जुळण्याची वाट पाहतें, आणि त्या जुळत नाहींत. अस्वस्थता म्हणतात ती हीच.

तिसरें बीज काळाचें. वेगवान ताल माणसाला नाचवितो; संथ आणि अढळ ठोका त्याला वाट पाहावयास लावतो. हें शिकण्यासाठीं परदेशीं जावयास नको. चैत्रांत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते, उंच सासनकाठ्या गुलालांत न्हातात, तेव्हां हलगीचा कडकडाट आणि घुमक्याचा खोल घुमणारा आवाज एकत्र ऐकावा. हलगी बुद्धीला जागी करते, घुमकें पोटाला हात घालतें. गोंधळाच्या रात्रीं संबळाचीं दोन तोंडें हेंच काम करतात. एक चढ्या स्वराचें, एक उतरत्या. तुणतुण्याचा एकच अखंड स्वर, त्यावर संबळाचा ठोका, पोताचा हालता उजेड, आणि भोंवतीं अंधार. देवीच्या उग्र रूपाची कथा सांगणाऱ्या गोंधळ्याला वाद्यवृंद ठाऊक नव्हता, पण अखंड स्वर आणि अढळ ठोका यांनीं माणसाचें मन कसें भारून टाकावें, हें तो पुरतेपणीं जाणून होता.

वाद्यवृंदानें या मूळ तत्त्वाला विस्तार दिला. चाळीस व्हायोलिनें एकच स्वर वाजवितात तेव्हां तीं काटेकोर एक कधींच होत नाहींत. प्रत्येक हाताची थरथर निराळी. त्या बारीक फरकांतूनच आवाजाला रुंदी येते. पितळी वाद्यें त्याला कणखरपणा देतात, समूहगान त्याला देवळाची भव्यता देतें. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत ही विद्या रुजविण्याचें श्रेय मोठ्या प्रमाणांत गोमंतकीय वादकांकडे व संयोजकांकडे जातें. चर्चमधील गायन-वादनामुळें पाश्चात्त्य स्वरलिपि त्यांना अवगत होती. सेबास्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गीतांना वाद्यवृंदाचा साज चढविला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं 1958 सालीं भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. पडद्यावर त्यांचीं नांवें क्वचितच आलीं.

विजेचा ध्वनि या वाद्यवृंदाच्या शेजारीं हळूच येऊन बसला. रशियांत लिऑन थेरेमिन यानें 1920 च्या सुमारास एक अद्भुत वाद्य तयार केलें. त्याला वाजविणारा स्पर्शहि करीत नाहीं, हवेंत हात हालवून स्वर काढतो. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ या 1945 च्या चित्रपटांत मिक्लोस रोझा या संगीतकारानें मनाच्या भ्रमासाठीं त्याच वाद्याचा कांपरा स्वर वाद्यवृंदांत मिसळला, आणि त्या संगीताला ऑस्कर पारितोषिक मिळालें. आपल्याकडे या गोष्टीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटाचें. त्यांतील गारुड्याच्या पुंगीनें अवघा देश डोलला. ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर कल्याणजी विरजी शहा यांनीं ती वाजविली होती. हेमंतकुमार यांच्या त्या संगीतानें एक गोष्ट सिद्ध केली कीं, यंत्राचा आवाज मातीच्या आवाजासारखा लोकांच्या गळीं उतरूं शकतो.

पुढें 1964 सालीं अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं आपला सिंथेसायझर पुढें मांडला. त्याचें तत्त्व सोपें आहे. विजेचा एक प्रवाह ठराविक वेगानें कंप पावतो. तो झाला कच्चा स्वर. त्या स्वरांत अनेक उपस्वर मिसळलेले असतात. ते गाळणींतून गाळावे, त्याप्रमाणें हवे तेवढे ठेवून बाकीचे काढून टाकतां येतात. बारीक उपस्वर जितके गाळावे, तितका आवाज झांकलेला, दूरचा व काळसर होतो. तिसरी कळ स्वराच्या आयुष्याची: तो एकाएकीं उमटावा कीं धुक्यासारखा सावकाश वर यावा, टिकावा किती, विरावा कसा. मानवी श्वास संपतो, व्हायोलिनचा गज टोंकाला पोंचतो. या यंत्राचा स्वर न थकतां वाटेल तितका वेळ उभा राहतो. ‘ब्लेड रनर’ या 1982 च्या चित्रपटाला ग्रीक संगीतकार वांगेलिस यानें याच जातीच्या वाद्यांनीं भविष्यकाळांतील पावसाळी, अंधाऱ्या नगराचा आवाज दिला.

याहून क्रांतिकारक ठरली ती ध्वनीचे नमुने साठविण्याची युक्ति. कोणताहि खरा आवाज एकदां मुद्रित करून संगणकांत ठेवावा, आणि पेटीच्या पट्टीवर बोट ठेवतांच तो हव्या त्या उंचीवर वाजवावा. हलगीची एकच थाप मुद्रित केली आणि ती निम्म्या वेगानें सोडली, तर ती एक सप्तक खालीं उतरते व दुप्पट लांबते. हातभर कड्याची हलगी एखाद्या वाड्याच्या दरवाजाएवढी होऊन वाजूं लागते. साखळीची खळखळ, विहिरींत पडलेला दगड, दाराचें करकरणें, हीं सारीं अशा रीतीनें वाद्यें बनलीं. ध्वनि आणि संगीत यांमधील जुनें कुंपण तेथें मोडलें.

तथापि हें सर्व ऐकविणारें साधन नसतें, तर सगळी विद्या फुकट होती. 1992 सालीं डॉल्बी डिजिटल ही ध्वनिपद्धति चित्रपटगृहांत आली. तिच्यांत भोंवतालच्या आवाजांखेरीज केवळ खर्जासाठीं एक स्वतंत्र मार्ग राखलेला असतो, आणि तो सबवूफर नांवाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकांतून ऐकूं येतो. ‘अयोध्येचा राजा’च्या काळीं जो स्वर वाटेंतच गळून जाई, त्याला आतां स्वतःची वाट मिळाली. फरशींतून अंगांत शिरणारा आवाज तो हाच.

आतां हीं दोन कुळें, लांकडातारेचें आणि विजेचें, एका घरांत कशीं नांदतात, तें पाहावें. सर्वांत तळाशीं यंत्राचा न थकणारा खर्ज असतो, इमारतीच्या पायासारखा. त्यावर चेलो व डबल बास तोच स्वर गजानें ओढतात. यंत्राच्या स्वरांत नसलेली हाताची थरथर, केसांचें तारेवर घांसणें, हें त्यामुळें येतें. त्याच्या वर तंतुवाद्यांचा एक छोटा स्वरसमूह पुनःपुन्हां फिरत राहतो. त्याचें रूप न बदलतां त्याच्याभोंवतीं एकेक थर चढविला जातो. शेवटीं पितळी वाद्यें आणि ठोके. यंत्र देतें आकार, माणूस देतो श्वास. यांपैकीं एक काढून घेतलें कीं उणीव लगेच कळते: नुसतें यंत्र थंड, नुसता वाद्यवृंद ओळखीचा. हान्स झिमर व जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या ‘द डार्क नाइट’ या 2008 च्या चित्रपटांतील खलपुरुषासाठीं झिमर यानें मोठी चाल बांधलीच नाहीं. चेलोचा जवळजवळ एकच ताणलेला स्वर मुख्य ठेवला. तो हळूहळू ताणत जातो, एवढेंच. इतकें अवाढव्य साधनसामर्थ्य हातीं असतां एका तारेवर विसंबणें, यांत त्या रचनेचें खरें बळ आहे.

हाच मार्ग चोखाळीत एक मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजीं प्रदर्शित झाला, आणि 2024 च्या सप्टेंबरांत पुन्हां चित्रपटगृहांत येऊन त्यानें नवा प्रेक्षक मिळविला. भाषा हिंदी, परंतु गांव कोंकणांतलें, वाडा मराठी, काळ 1918 ते 1947 चा. विस्मृतींत ढकललेला हस्तर नांवाचा देव, त्याच्यापाशींचें सोनें, आणि त्या सोन्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या सडत जाणारें एक घर, असा त्याचा विषय. त्याचें पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर कीड यांनीं केलें. शीर्षकगीत अजय-अतुल यांचें. कीड यांची कीर्ति संगणकावरील खेळांच्या संगीतामुळें झालेली होती. विजेचा ध्वनि, वाद्यवृंद व समूहगान यांचें मिश्रण हा त्यांचा हातखंडा. त्या चित्रपटाच्या ध्वनिरचनेला फिल्मफेअर पारितोषिक मिळालें.

कोंकणच्या वाड्याला डॅनिश माणसाचें संगीत, हें ऐकून मराठी माणसाची भुवई वर जाणें स्वाभाविक आहे. परंतु चित्रपट पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांत पाऊस जवळजवळ थांबतच नाहीं. पावसाचा आवाज मधल्या व तीव्र पट्ट्या व्यापून टाकतो. कौलांवरची सर, पागोळ्या, चिखलांतलीं पावलें यांनीं कान भरून जातो. अशा ठिकाणीं संगीतानें पावसाशीं झोंबी घेतली असती, तर दोन्ही वाया गेलीं असतीं. मोकळी राहिलेली जागा म्हणजे पावसाखालची, खर्जाची. संथ, ताणलेले स्वर त्या जागीं राहतात, आणि पाऊस वरून पडत असतां जमिनीच्या पोटांत कांहीं तरी जागें आहे, असा भास होतो. कथेचें मर्महि तेंच: जें आहे तें जमिनीच्या पोटांत आहे. येथें संगीतकार कोणत्या देशाचा, हा प्रश्न गळून पडतो. त्याचा स्वर कथेच्या जमिनींत रुजला कीं नाहीं, एवढाच उरतो.

या साधनसामर्थ्याची दुसरी बाजू ‘सैराट’नें दाखविली. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजीं आला. अजय-अतुल यांनीं त्याच्या गीतांसाठीं वाद्यवृंदाचें मुद्रण अमेरिकेंत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या नामांकित दालनांत केलें. करमाळ्याच्या रानांतील प्रेमाला एवढा थोर वाद्यवृंद मराठी चित्रपटांत पूर्वीं लाभलेला नव्हता. आणि त्या चित्रपटाचा शेवट कसा होतो? दोन जीवांची हत्या झालेली आहे; त्यांचें अजाण मूल दारांत येतें, पाहतें, रडतें आणि रक्ताचीं पावलें उमटवीत निघून जातें. तेथें व्हायोलिन नाहीं, खर्ज नाहीं, मुलाचा टाहोहि ऐकूं येत नाहीं. सगळा आवाज काढून घेतलेला आहे. ज्या घटकेला दुसऱ्या कोणीं सगळा वाद्यवृंद ओतला असता, त्या घटकेला हे लोक गप्प राहिले. आणि भरलेलीं चित्रपटगृहें त्यांच्याबरोबर गप्प झालीं.

ही रीत नवी नाहीं, हें कोल्हापुरानें विसरूं नये. याच गांवीं जन्मलेल्या प्रभात कंपनीनें 1937 सालीं ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही म्हाताऱ्याशीं फसवून लावलेल्या लग्नाची कथा. शांतारामांनीं त्यांत पात्रांच्या भावनांना टेकू देणारें पार्श्वसंगीत टाळलें, आणि घरांतल्या व रस्त्यांतल्या खऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. दुःखाच्या प्रसंगीं सारंगी रडवावी, हा त्या काळचा सोपा मार्ग त्यांनीं सोडून दिला. खर्जाचें यंत्र त्यांच्यापाशीं नव्हतें हें खरें. परंतु नीरेच्या कोंडलेल्या आयुष्याचा काळोख त्यांनीं शांततेनें ऐकविला. ‘कुंकू’ आणि ‘सैराट’ यांच्यामध्यें 79 वर्षें आहेत. दोघांची समजूत मात्र एकच कीं, स्वराला वजन येतें तें त्याच्या शेजारच्या निःशब्दतेमुळें.

आजच्या काळोख्या संगीताची परीक्षा येथेंच करावी लागते, आणि येथेंच तें पुष्कळदां नापास होतें. पहिलें दूषण एकसारखेपणाचें. चित्रपट जोडतांना एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचें संगीत तात्पुरतें लावून पाहण्याची रूढि आहे. दिग्दर्शकाचा कान त्याला सरावतो, आणि मग संगीतकाराला सांगितलें जातें कीं, असेंच पाहिजे. त्यामुळें ऐतिहासिक लढाई असो, भुताची गोष्ट असो वा चोर-पोलिसांचा पाठलाग असो, सर्वांच्या पाठीशीं तेच ठोके आणि तीच पितळी आरोळी. दुसरें दूषण अतिरेकाचें. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत खुर्ची हालत राहिली, तर ती हालते हेंच कळेनासें होतें. आणि त्या गजरांत पात्राचें बोलणें बुडून जातें. मराठी संवादाची ज्या प्रेक्षकाला गोडी आहे, त्याची तक्रार येथें रास्त आहे.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि ती सर्वांत जिव्हाळ्याची आहे. मुंबईंत एके काळीं एका गीतासाठीं पन्नास-पन्नास वादक एकत्र बसत. 1990 नंतरच्या दशकांत संगणक आला आणि ते दालनांतले मेळावे ओसरत गेले; कित्येक व्हायोलिनें पेटींत पडून राहिलीं. आतां चाळीस व्हायोलिनांचे नमुने एका पेटींत मिळतात. जी गोष्ट व्हायोलिनवाल्याची झाली, तीच हलगीवाल्याची होऊं शकते. त्याची थाप एकदां मुद्रित झाली कीं ती शंभर चित्रपटांत वाजूं शकते, त्यानें मात्र एकाच दिवसाची मजुरी घेतलेली असते. हा दोष यंत्राचा नव्हे; करार करणाऱ्याचा आहे. थापेमागच्या माणसाचें नांव आणि त्याचा वांटा राखण्याची रीत पाडणें, हें यंत्र बनविण्याहून सोपें असावें. त्याला लागते ती इच्छा.

शिवाय यांत कलेचाहि स्वार्थ आहे. हलगी वाजविणारा वाजविण्यापूर्वीं ती विस्तवावर धरून शेकतो. कातडें ताणलें कीं तिला कंठ फुटतो. दमट हवेंत ती बसते, कोरड्या हवेंत खणखणते. एका रात्रींत तिचा आवाज चार वेळां पालटतो. नमुन्याच्या पेटींतील हलगी कधींच शेकावी लागत नाहीं, म्हणून ती कधीं पालटतहि नाहीं. ऐकणाऱ्याला नेमकें काय उणें आहे हें सांगतां येत नसेल, पण दहाव्या थापेला त्याचें लक्ष उडतें. ज्या संगीतकारानें यंत्राच्या पायावर खरा हात वाजता ठेवला, त्याचा काळोख जिवंत राहतो.

तात्पर्य, विजेचा ध्वनि आला म्हणून संगीत बुडालें असें नाहीं, आणि आवाज प्रचंड झाला म्हणून तें थोर झालें असेंहि नाहीं. गोंधळ्याच्या तुणतुण्यानें, मूकपटाच्या पेटीनें आणि आजच्या सबवूफरनें एकच काम अंगावर घेतलें आहे: जें दिसत नाहीं त्याची चाहूल द्यावी. पुढल्या वेळीं चित्रपटगृहांत तो खोल स्वर पायांखालून वर येईल, तेव्हां प्रेक्षकानें भीत भीत का होईना, एवढें ऐकून ठेवावें कीं, हा स्वर थांबतो केव्हां. जो रचणारा योग्य घटकेला थांबला, त्याला आपल्या काळोखाची ओळख पटलेली आहे असें खुशाल समजावें.